शेवळ, सुरण आणि दोन सापकांदे

माझं माहेर मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या पायथ्याशी. गावामागून एक पायवाट ओढ्याच्या कडेकडेने रानात शिरते आणि भीमाशंकरच्या बाजूला घाटमाथ्याकडे चढत जाते. या एका वाटेवर मे संपता संपता ते जुलैपर्यंत सुरणाच्या कुळातल्या चार वनस्पती फुलतात. खालच्या रानात शेवळ आणि रानसुरण, वर चढत गेलं की पांढरा सापकांदा आणि त्याच्या मागोमाग हिरवा सापकांदा. चारही जमिनीतल्या कंदातून येतात, चौघांचेही देठ ठिपक्यांचे किंवा पट्ट्यापट्ट्यांचे, आणि चौघांच्याही फुलात मधे एक उभा दांडा आणि त्याला वेढून एक मोठं रंगीत पान. शेवळ आम्ही जीव टाकून खातो. सापकांद्याला कुणी हात लावत नाही. त्यामुळे आमच्याकडे या चौघांची ओळख लहानपणीच करून दिली जाते, मुलींना तर नक्कीच, कारण निवडायला त्याच बसतात.

आता मी कल्याणला असते, शिवणकाम करते. पण रोहिणी नक्षत्र लागलं की मन तिकडेच असतं आणि जमेल तेव्हा पायही. पिशवीत शिवणाची टेप असतेच, तीच रानात कामाला येते. गेली काही वर्षं पावसाळी भटकंतीचं वेड वाढलंय, ते चांगलंच आहे. पण त्याबरोबर फोनवर फोटो येतात, खाली एक ओळ: "ताई, हे शेवळ ना? भाजी करू का?" फोटोत असतो फक्त एक जांभळट कोंब, अगदी जवळून काढलेला. आजूबाजूचं काही नाही, देठ नाही, पान आहे की नाही ते नाही. अशा फोटोवर मी कधीच हो म्हणत नाही. त्या कोंबाच्या रंगावरून काही ठरत नाही, आणि का ठरत नाही हेच आज सविस्तर लिहायचं आहे.

आधी फुलाची रचना सांगते, कारण तिथेच बहुतेकांचा घोळ होतो. आपण ज्याला फूल म्हणतो ते एक फूल नसतं. बाहेरचं रंगीत आवरण म्हणजे एक बदललेलं पान. वनस्पतीशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला महाछद म्हणतात. मधल्या दांड्याला म्हणतात स्थूलकणिश. खरी फुलं या दांड्याच्या अगदी खालच्या भागात दाटीने चिकटलेली असतात, दाण्याएवढी. शेवळात सगळ्यात खाली मादी फुलांचा पट्टा, त्याच्यावर पिवळट नर फुलांचा, आणि त्याच्यावर लांबच लांब निमुळतं टोक, ज्याच्यावर फूलच नाही. त्या टोकाचं काम वास सोडायचं.

शेवळ निवडताना आपण काय करतो आठवा. बाहेरचं आवरण सोलून काढायचं, मधला दांडा घ्यायचा आणि त्याच्या बुडाशी असलेला पिवळा दाणेदार भाग मोडून फेकून द्यायचा, कारण त्याने घसा खवखवतो. म्हणजे ज्याला आम्ही "पिवळं काढ गं नीट" म्हणून फेकत आलो, तीच या झाडाची सगळी खरी फुलं. ज्यांनी शेवळं निवडली आहेत त्यांनी ही रचना कित्येकदा हातात घेऊन पाहिली आहे. यंदा ते फेकण्याआधी एक दांडा उभा चिरून बघा. खालचे मादी दाणे आणि वरचे नर दाणे यांच्यातली रेघ नुसत्या डोळ्यांनी दिसते.

आता पहिली जोडी, शेवळ आणि सुरण. दोघं सख्खी, अमॉर्फोफॅलस या एकाच प्रजातीतली. शेवळ म्हणजे अमॉर्फोफॅलस कम्युटॅटस, जे आपल्या पश्चिम घाटाच्या पट्ट्याबाहेर सापडत नाही. सुरण म्हणजे अमॉर्फोफॅलस पिओनिफोलियस, ते आशियात दूरवर पसरलेलं आणि शेतातही लावलं जाणारं. (सुमात्राच्या जंगलातलं माणसाहून उंच वाढणारं ते प्रसिद्ध राक्षसी फूल, जे 1878 मध्ये बेक्कारी या इटालियन माणसाने जगापुढे आणलं, तेही याच प्रजातीतलं. आपलं शेवळ त्याचं लांबचं धाकटं भावंड.) दोघांतही फूल आधी आणि पान नंतर. वळवाच्या सरी पडून जमीन जराशी भिजली की उघड्या मातीतून एकटा कोंब वर येतो. त्या वेळी झाडाला एकही पान नसतं.

दोघांना वेगळं करायला माझ्या मते देठ पुरतो. शेवळाचं फूल लांब, सरळ, बोटभर जाडीच्या देठावर असतं आणि त्या देठावर गडद-फिकट डाग असतात. सुरणाच्या फुलाचा देठ इतका आखूड की फूल जमिनीवरच बसल्यासारखं वाटतं. तो देठ लांबतो तो पुढे फळं धरल्यावर. मग आकार. शेवळाचं आवरण अरुंद, नावेसारखं, फिकट जांभळट-गुलाबी, आणि मधला दांडा त्याच्या बराच वर गेलेला, टोकाकडे बारीक होत गेलेला. सुरणाचं आवरण पसरट आणि रुंद, त्याच्या काठाला चुण्या, जशा मी परकराच्या झालरीला घालते. मधला दांडा टोकदार नसून फुगीर, गडद तपकिरी-लाल आणि सुरकुतलेला. उमललेल्या अवस्थेत हे दोन ओळखायला कुणालाच अडचण येऊ नये. अडचण येते ती बंद कोंबाच्या वेळी, आणि नेमका तोच भाजीसाठी हवा असतो. तेव्हा कोंबाची जाडी आणि देठाची लांबी एकत्र बघायची. बुटका, जाडजूड, रुंद कोंब असेल तर तो शेवळाचा नव्हे.

जून-जुलैत पानं आली की परत तोच प्रश्न. दोघांचंही पान एकच असतं, पण तेच एखाद्या लहान झाडाएवढं दिसतं. खोडासारखा दिसणारा भाग म्हणजे पानाचा देठ. वर जाऊन तो तीन फाट्यांत विभागतो आणि प्रत्येक फाट्याला पुढे पुन्हा फाटे. इथे डोळ्यांपेक्षा बोटं उपयोगी. रानसुरणाचा देठ खरखरीत लागतो, त्यावर बारीक पुटकुळ्या असतात. शेवळाचा देठ गुळगुळीत. आमच्या आजीने अंधारात दोन्हीवर माझी बोटं फिरवून हे शिकवलं होतं, कंदिलाच्या उजेडात रंग कळत नाही म्हणून. तिने सांगितलेली दुसरी गोष्ट मला नंतर फार पटली. ती म्हणायची, ज्या जागी मृगात शेवळ काढलं, त्याच जागी श्रावणात जाऊन पान बघ. तेव्हाच तुला कळेल तू काय काढलं होतंस.

वासाबद्दल एक दोन वाक्यं लिहायलाच हवीत. पूर्ण उमललेल्या शेवळाजवळ उभं राहवत नाही, मेलेल्या जनावरासारखी दुर्गंधी येते. अमॉर्फोफॅलसच्या दांड्याचं ते वरचं टोक उमलण्याच्या वेळी स्वतःहून तापतं आणि उष्णतेने वास दूरवर पसरतो. कुजक्या मांसावर येणाऱ्या माश्या आणि भुंगेरे त्या वासाला भुलून येतात. खालची मादी फुलं आधी तयार होतात, वरच्या नर फुलांतून पराग नंतर पडतो, त्यामुळे एकाच झाडाचा पराग त्याच झाडावर पडायचं टळतं. वासावरून शेवळ आणि सुरण वेगळं करता येत नाही, दोन्ही घाण वास सोडतात. भाजीचा कोंब मात्र वास सुटण्याच्या खूप आधीचा, घट्ट मिटलेला असतो. आवरण सैल झालेलं शेवळ बाजारातही कुणी घेत नाही.

आता वाट चढायला लागते, झाडी दाट होते, आणि आपण दुसऱ्या जोडीकडे येतो. सापकांदे. प्रजाती अरिसीमा.

पांढरा सापकांदा, अरिसीमा मरेआय, हे माझ्या लेखी आपल्या रानातलं पहिल्या पावसाचं सगळ्यात देखणं फूल. मृगाच्या सरींनंतर जांभळ-अंजनाच्या सावलीत, कुजलेल्या पाल्यातून तो उभा राहतो. खाली हिरवट नळी, वर पांढराशुभ्र रुंद पडदा पुढे झुकलेला, टोक शेपटीसारखं निमुळतं, आणि नळीच्या तोंडाशी आतल्या बाजूला जांभळा रंग. नागाने फणा काढून मान वाकवावी तसा, म्हणून नाव सापकांदा. हा फक्त सह्याद्रीचा. जॉन ग्रॅहम यांनी 1839 साली मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची जी यादी छापली, तिच्यात याची पहिली नोंद आहे.

हिरवा सापकांदा म्हणजे अरिसीमा टॉर्टुओसम. हा आपल्याकडे आहे तसा हिमालयातही आहे आणि तिथून पार चीनच्या नैर्ऋत्येपर्यंत. याचं आवरण पानाइतकंच हिरवं, त्यामुळे दाट झाडीत तो पटकन दिसत नाही. पण एकदा दिसला की विसरत नाही, कारण नळीतून बाहेर पडणारं दांड्याचं टोक. लांब, चाबकासारखं, आधी बाहेर वाकून मग वर उचललेलं. पांढऱ्या सापकांद्याचा दांडा त्या मानाने लहान, आवरणाच्या छत्राखालीच राहणारा. नुसती शेपटी बघितली तरी या दोघांचा निकाल लागतो.

पण फुलं पंधरा-वीस दिवसांत संपतात आणि पुढे तीन महिने रानात दिसतात ती पानं. म्हणून पानाची ओळख हीच खरी कामाची. पांढऱ्याचं फूल बहुतेक वेळा पान उलगडण्याआधीच येतं, आणि नंतर एकच पान येतं. देठाच्या टोकावर एका बिंदूतून सगळ्या पानपाकळ्या चहूबाजूंना निघालेल्या, छत्रीच्या काड्या निघाव्यात तशा. हिरव्याला पानं दोन किंवा तीन, आणि त्याच्या पानपाकळ्या एका बिंदूतून निघत नाहीत. देठाचं टोक दोन बाजूंना कमानीसारखं फाकतं आणि त्या कमानीवर ओळीने पानपाकळ्या बसतात, मधली मोठी, कडेच्या लहान होत गेलेल्या. हे एकदा बोटाने चाचपून पाहा. पान उलटं करून देठाच्या टोकाशी नख लावायचं. नख एका जागी थांबलं तर पांढरा, कडेने सरकत गेलं तर हिरवा. शिवाय हिरव्याचं फूल पानांबरोबर येतं आणि पानांच्या वर डोकं काढतं.

मला या दोघांतला सगळ्यात विलक्षण वाटणारा फरक आत दडलेला आहे. पांढऱ्या सापकांद्याचं एक झाड एका हंगामात नर असतं किंवा मादी असतं. कंद लहान असताना ते नर फुलं देतं. काही वर्षं कंदात साठा झाला, तो मोठा झाला, की त्याच कंदातून मादी फूल येतं. फळं धरून कंद रिकामा झाला तर पुढच्या वर्षी पुन्हा नर. पराग बनवायला थोडं बळ लागतं, फळं पोसायला खूप, आणि झाड आपल्या गाठीला काय आहे ते बघून ठरवतं. हिरव्या सापकांद्यात लहान झाडं नर असतात, पण मोठ्या झाडाच्या एकाच दांड्यावर खाली मादी आणि वर नर अशी दोन्ही फुलं सापडतात. एखाद्या वाळत चाललेल्या फुलाची नळी हलकेच उघडून हे बघता येतं. ताजी नळी फाडू नका, त्या फुलाचं वर्ष वाया जातं.

नळी उघडली की आत बारीक बारीक चिलटं मेलेली दिसतात, तीही बघण्यासारखी. ही बुरशीवर जगणारी चिलटं, पावसाळी ओलीत रानभर असतात. अरिसीमाच्या नर नळीत वरून शिरतात आणि खाली अडकतात, आतल्या गुळगुळीत भिंतीवरून वर चढता येत नाही. पण नर नळीच्या बुडाशी, जिथे आवरणाचे दोन काठ एकमेकांवर येतात तिथे, एक छोटी फट असते. तिच्यातून ती परागाने माखून बाहेर पडतात. मादी नळीत ही फट नसते. परागाने माखलेलं चिलट आत गेलं की फुलाचं काम होतं आणि चिलट तिथेच मरतं. हे कळल्यापासून मी सापकांद्याच्या नळीचं बूड बघितल्याशिवाय पुढे जात नाही. फट दिसली तर नर. बाहेरून, काही न तोडता, एवढं ओळखता येतं.

मुरबाडच्या बाजारात रानभाज्या घेऊन बसणारी एक ठाकर मावशी आहे. तिला मी एकदा पांढऱ्या सापकांद्याचा फोटो दाखवून विचारलं, हे आणि शेवळ, लोकांना एक कसं वाटतं? ती म्हणाली, "बाय, फोटुत सगलं एकच दिसतंय. रानात ये, जागा बघ. शेवळ उन्हात पन येतं, ह्यो सावलीचा हाय." मला तिचं म्हणणं तंतोतंत पटलं. शेवळ उघड्या बांधाशी, झुडपांच्या कडेला, विरळ झाडीत भरपूर येतं. सापकांदा दाट सावली, ओल आणि उंची धरून राहतो. जागा आणि महिना या दोन गोष्टी फोटोत येत नाहीत, आणि ओळखीचा अर्धा भाग त्यातच असतो.

चारही वनस्पतींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, त्यानेच जीभ-घसा खाजतो, सुजतो. शेवळाची ती खाज कमी होते ती काकडांमुळे. काकड हे रानातल्या झाडाचं आंबट फळ, बाजारात शेवळांच्या जुडीबरोबर वाटा लावलेला असतोच. आमच्याकडे शेवळं निवडताना हाताला तेल लावतात, पिवळं काढून बारीक चिरून तेलात चांगली परततात, काकडं वाफवून त्यांचा कोळ घालतात, आणि मग वाल किंवा कोलंबी. काकड मिळालं नाही तर चिंच किंवा आमसूल. आंबट न घालता शेवळ शिजवणारं घर मी पाहिलेलं नाही. पण म्हणून कुणी असं समजू नये की आंबट घातलं की सापकांदाही चालेल. वहिनीच्या ओळखीच्या एका घरी रानातून आणलेले मिश्र कोंब एकत्र शिजवले आणि घरातल्या दोघांची तोंडं सुजली. तेव्हापासून वहिनी मला म्हणते, "वन्सं, तुम्ही निवडल्याशिवाय मी भांडं चुलीवर ठेवत नाही."

आणखी एक गुंता आहे, तो लपवून ठेवण्यात अर्थ नाही. या दोन प्रजातींत महाराष्ट्रात एवढ्याच जाती नाहीत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातले डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 मध्ये अरिसीमा सह्याद्रिकम ही नवी जात जगापुढे मांडली, आणि पुढच्याच वर्षी, 1994 मध्ये, अमॉर्फोफॅलस कोंकणेन्सिस, म्हणजे शेवळाच्याच प्रजातीतलं एक नवं भावंड. माणसं पिढ्यान् पिढ्या जिथून जा-ये करत होती, गुरं चारत होती, त्या डोंगरांत या जाती उभ्या होत्या. त्यांना वेगळं करायला दांड्यावरच्या नर आणि मादी पट्ट्यांची लांबी, दोहोंच्या मधली जागा, टोकाचा आकार हे सगळं मोजावं लागतं. म्हणून मी टेप नेते आणि मोजलेलं लिहून ठेवते: आवरणाची लांबी, दांडा आवरणाच्या वर किती, खालचा मादी पट्टा किती, पिवळा पट्टा किती, देठ किती. भाजीसाठी आणलेल्या शेवळांवरही हे मोजता येतं, ओट्यावर बसून. दक्षिण कोकणात राहणाऱ्यांनी तर हे नक्की करावं. तुमच्या परड्यामागे जे "शेवळ" म्हणून येतं ते आमच्याच शेवळासारखं आहे का, हे आकड्यांवरूनच कळेल.

काढण्याबद्दल. शेवळाचा कोंब खुडला तर कंद जमिनीत राहतो, श्रावणात त्याचं पान येतं आणि तो पुढच्या वर्षासाठी पुन्हा साठा करतो. पण त्या वर्षी त्याला फळ धरत नाही, म्हणजे नवं रोप नाही. एका जागचे सगळेच कोंब दरवर्षी खुडले तर म्हातारे कंद तेवढे उरतात. अलीकडे शहरांत मागणी वाढल्यावर आमच्या ओढ्याकाठी हे दिसायला लागलंय, मृग संपेपर्यंत एकही उमललेलं शेवळ उरत नाही. मावशीच्या पाड्यावर जुनी रीत अशी की एका ठिकाणी तीन दिसले तर एक ठेवायचा, आणि जो आधीच सैल झालाय त्याला हातच लावायचा नाही. कोंब बोटांनी मातीच्या वर मोडायचा, उपटायचा नाही. उपटताना कंद हलला तर श्रावणात पान येत नाही. जी मंडळी आता नव्याने रानभाज्या काढायला जातात त्यांनी कोयता, कुदळ घरी ठेवावी. शेवळाला ती लागत नाही.

सापकांद्याची फळं सप्टेंबर-ऑक्टोबरात लाल होतात, पानं तोवर पिवळी पडून गळायला लागलेली असतात. तेव्हा पांढरा की हिरवा हे सांगायला पानही नसतं आणि फूलही नसतं. त्यासाठी मी जुलैत खुणेचा दगड ठेवून येते, पांढऱ्याजवळ एक, हिरव्याजवळ दोन. या वर्षी हिरव्याच्या दोन जागा सापडल्या आहेत. गणपती झाले की त्यांची फळं मोजायला जायचं आहे. कुणाला यायचं असेल तर कळवा, एसटी मुरबाडहून सकाळी लवकरची घ्यावी लागेल आणि जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी बरोबर असू द्या.